तेवीस किलो

शेवटच्या दिवशी गंगेवर जायचं ठरलं होतं.
म्हणजे गोदावरीवर. पण नाशकात तसं कोण म्हणतं,
आणि मीही इथे उतरले की
दोन दिवसांत म्हणेनाशी होते.

गेलो मात्र भद्रकालीत, युनूसभाईच्या रद्दीच्या दुकानात,
कारण नलूच्या घरचा काटा
एकदा चढलं की अठ्ठावन्न सांगतो, पुन्हा चढलं की एकसष्ट,
आणि विमान कंपनी एवढ्या मोकळ्या मनाची नसते.

रिक्षात मधे बॅग, आम्ही दोघी दोन कडांना.
जानेवारीचं ऊन चांगलं वर आलेलं
तरी नलूच्या कानांना मफलर.
निफाडला म्हणे चार डिग्री.
विनिपेगला त्या दिवशी उणे चोवीस होतं.
मी काही बोलले नाही.
थंडी तिची होती, तिलाच वाजू दिली.

युनूसभाईनं पेपरांचे गठ्ठे पायानं सरकवले,
बॅग हुकाला अडकवली.
ती जरा गोल फिरली, मग शांत झाली.
"सव्वीस चारशे."
आणि सवयीनं विचारलं, "काय माल आहे?"

तिथेच पायरीवर उघडली बॅग.
काळा मसाला, सांडगे, पिंपळगावच्या मनुका,
कुणाकुणाच्या मुलांना कुणाकुणाचे कुर्ते,
मधोमध गोधडीत गुंडाळलेला
नलूचा पितळी डबा.
मी काढायचं, तिनं परत आत कोंबायचं.
शेजारचा चहावाला ग्लास विसळायचा थांबला.
"डबाच दीड किलोचा आहे ताई," युनूसभाई म्हणाला,
"पितळ मी घेतो, चांगला भाव देतो."
नलूनं त्याच्याकडे असं पाहिलं
की तो उगाच सुतळी शोधायला लागला.

तीनदा दिलाय तिनं मला हा डबा.
तीनदा राहिलाय.

शेवटी डबा बाहेर. शिवाय माझा स्वेटर, माझ्या चपला,
सुट्टीत वाचीन म्हणून आणलेलं जाड पुस्तक,
ज्याची खूण अजून पान नऊवर.
नलूच्या कपाटात एक कप्पाच आहे
माझ्या अशा राहिलेल्या गोष्टींचा.
डांबरगोळ्या घालते ती त्यात, दर दिवाळीला झटकते.
माझ्याकडे तिचं काहीच नाही.
दोनदा व्हिसा नाकारला,
तिसऱ्यांदा तिनंच फॉर्मवर दळण निवडलं.

"तेवीस शंभर. शंभर काय, सोडतात."
मग नलू म्हणाली, हिलाही तोला.
मोठ्या काट्यावर उभी राहिले, जुन्या बॅटऱ्यांच्या शेजारी.
एकसष्ट.
म्हणजे घरचा काटा दुसऱ्यांदा खरं बोलत होता.
आले तेव्हा अठ्ठावन्न होते. या तिनाचे
जादा पैसे कुणी मागत नाही, म्हणून आम्ही खूप हसलो.
हसता हसता तीही चढली,
आणि आकडा ठरायच्या आत उतरली.
"राहू दे. मला कुठं जायचंय."

युनूसभाईनं पैसे घेतले नाहीत.
मालाचे घेतो म्हणाला, वजनाचे नाही.

परतताना होळकर पुलावर तिनं रिक्षावाल्याला
हळू घ्यायला सांगितलं.
खाली पाणी, धुणं, एक मुलगा दोरीला लोहचुंबक बांधून
नाणी शोधत होता.
मागून हॉर्न वाजायला लागले.
"दिसली ना गंगा? झालं मग."

रात्री हिरावाडीत कुकरच्या शिट्ट्या, भरलेली वांगी,
लवकर झोपा, लवकर झोपा.
अर्धवट झोपेत चेनचा आवाज आला.
वाटलं, शेजारी कुणी स्वेटर काढतंय.

पहाटे ओझरच्या काउंटरवर
बॅग पट्ट्यावर ठेवली.
चोवीस सहाशे.
मुलीनं आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
बॅग उघडून काही काढायचंय का, विचारलं.

काचेपलीकडे मफलर बांधलेली एक बाई
भलतीकडेच बघत उभी होती,
विमानतळाच्या छताकडे,
जणू ते आत्ताच बांधून झालंय.

नको, म्हटलं.
किती होतात ते सांगा.