वीतभर फट

बायको हसते फोनवर.
वाळवंटात कसली आलीय थंडी, म्हणते,
जुलैत तर सांगत होतात
नळाच्या पाण्यात अंडं उकडेल!
तिला काय सांगू,
जहराच्या या अंगणात डिसेंबर
मांजरासारखा भिंतीवरून उतरतो
आणि पहाटे कोंबड्यांच्या भांड्यात
पाण्यावर काचेची साय धरते.

सहा कोंबड्या, एक कोंबडा.
मालकी माम्मा लुलुवाची, देखभाल माझी.
नावं मीच ठेवली, रत्नागिरीहून निघाल्यासारखी:
हातखंबा, पाली, नाणीज,
दाभोळे, साखरपा, मुर्शी.
कोंबडा अर्थातच कंडक्टर.
दाणे टाकताना क्रम चुकू देत नाही.
साखरप्याला दोन दाणे जास्त,
तिथं मी उतरायचो.

शुक्रवारी गाडी काढायची नव्हती.
एसीच्या खोक्याच्या फळ्या उत्तरेला ठोकल्या,
शमाल तिकडूनच दात घासत येतो.
बसायची लोखंडी नळी काढली,
रुंद लाकडी पट्टी लावली,
म्हणजे बोटं पोटाखाली झाकून बसता येईल.
खाली वीतभर भुसा.
वर तंबूचं कापड, मागच्या साली
धाकट्या साहेबाने वाळवंटातून आणून टाकलेलं,
अजून त्याला धुराचा आणि वेलचीचा वास.
मग उरलेल्या भेगा.
चिंध्या कोंबल्या, चिकटपट्टी लावली,
दाराला दिवाणियातल्या जुन्या गालिच्याचा तुकडा.
मुंगीलाही विचारून आत जावं लागेल
असं बंद केलं सगळं,
आणि शहाण्यासारखा झोपलो.

सकाळी दार ओढलं
तर विष्ठेची वाफ डोळ्यांत घुसली.
पत्र्याला घाम फुटलेला.
एकेक थेंब नेमका
साखरप्याच्या पाठीवर.
ती शिंकत होती,
म्हाताऱ्या शिक्षकासारखी, तोंड फिरवून.
कंडक्टर आरवलाच नाही.

तिलमाया आली स्वयंपाकघरातून,
हातात कांद्याची सुरी तशीच.
जुमल्याची ती. बर्फातली माणसं.
आत एकदा बघितलं, नाक वाकडं केलं.
दाजू, म्हणाली, कोंबडी रजई अंगावर घेऊनच जन्मते.
थंडीला ती पुरून उरते.
तिला मारतो तिचाच श्वास,
बाहेर जायला वाट नसली की.
स्टुलावर चढली
आणि माझं दिवसभराचं काम
छपराखाली, कोंबड्यांच्या डोक्याच्या बरंच वर,
वीतभर कापून टाकलं.

मी काही बोललो नाही.
ओला भुसा उपसत राहिलो.
गच्चीवरच्या माझ्या खोलीची खिडकी आठवली,
पहिल्याच हिवाळ्यात चंदेरी कागदाने बुजवलेली.
नऊ वर्षं झाली.
भिंतीवर काळे ठिपके आहेत,
मी त्यांना डाग म्हणतो.

संध्याकाळी माम्मा काठी टेकत आली.
कंडक्टरला मी बगलेत धरलं,
तिने बोटावर व्हॅसलीन घेऊन
त्याच्या तुऱ्याला एकेक दात चोपडलं,
नातवाला काजळ घालावं तसं.
ज़ैन? तिने विचारलं.
कोंबड्याला की मला, कळलं नाही.
ज़ैन, म्हणालो मीच.

मूठभर मका टाकला,
रात्रभर पोटात शेगडी राहावी म्हणून.
एकेक करून चढल्या पट्टीवर,
मुर्शीने पालीला ढकललं, जरा भांडण,
मग सगळ्या एका ओळीत फुगून गोळा.

फोन वाजला तेव्हा मी स्टुलावर होतो,
फटीपाशी हात धरून.
कोमट काहीतरी बोटांमधून
बाहेर निघून चाललं होतं.
कसे आहात?
मजेत, हा शब्द तयारच असतो माझ्याकडे,
सुट्या पैशांसारखा वरच्या खिशात.
या वेळी सापडला नाही.
थंडी आहे गं इथं, म्हणालो.
खूप आहे.

ती हसली नाही.
बराच वेळ नुसती लाइन चालू.
मग म्हणाली,
साखरपा शिंकते का अजून?