कलम सात, दुरुस्तीसह

आमच्या उड्डाण मंडळाचं कार्यालय म्हणजे
अनेरकाठच्या मुरमाड पट्टीवरली पत्र्याची शेड,
लोखंडी कपाट, वजनकाटा,
आणि निंबा आबांनी जुन्या धोतरातून शिवलेली
वाऱ्याची पिशवी, बांबूवर.

दिल्लीच्या परिपत्रकात वारा नॉटमध्ये असतो.
इथे आबा पिशवीकडे बघतात :
"आज नको रे भो. आज तो खोड्या करी."
मी दोन्ही वहीत लिहिते.
सही आबांची घेते.

मी चिटणीस. माझं काम नाही म्हणायचं.
चोपड्याचा चेतन गुजराथी, नवं इंजिन पाठीला बांधून
सातपुड्याकडे तोंड करून उभा,
आणि मी म्हणते, हेल्मेटचा पट्टा दाखव.
काकू, आभाळाला कुठे दार असतं?
नसतं बाबा. म्हणून तर शेड लागते.

कलम सात : चैत्र ते ज्येष्ठ, सकाळी नऊनंतर उड्डाण नाही.
छापलंय एवढंच.
त्या दिवशी सव्वाअकरा वाजले होते,
नांगरलेल्या काळ्या रानातून ऊन वर उसळलं
आणि नरोत्तम बोरसेचा पंख
रुमालासारखा मिटला,
हे छापलेलं नाही.
तो जगला. डावा पाय आखडला.
कलमाचा मसुदा त्याचाच, दवाखान्यात उताणं पडून लिहिलेला.
'नऊ' हा शब्द दोनदा गिरवलाय.

परवा हिलाल पाटील आले, केळीचं चिरफाळलेलं पान घेऊन.
हजेरीच्या वहीवरच ठेवलं. चिकाचा डाग पडला, तो आता जायचा नाही.
"हाऊ वारा कोना शे? तुम्हना का देवना?"
आम्ही चौघं गप्प.
पान कुणी फाडलं ते पानावर लिहिलेलं नव्हतं.
बैठक लांबली, शेव संपली,
मग ठरलं : बागांवरून पाचशे फुटांखाली नाही,
निसवणीच्या दिवसांत तर मुळीच नाही.
साक्षीदार म्हणून हिलालभाऊंनी सही केली,
पेनाला टोपण लावता लावता विचारलं,
वरून माझी बाग कशी दिसते हो?

आज ते आलेत. पिशवी निपचित.
मागच्या सीटला नव्वद किलोची मर्यादा,
काट्यावर भरले ब्याण्णव.
त्यांनी टोपी काढली, वहाणा काढल्या,
खिशातला अडकित्ता, किल्ल्यांचा जुडगा,
पैशांचं पाकीट आबांच्या हातात दिलं,
पुन्हा चढले.

आठ वाजून चाळीस मिनिटं.
काटा अजून थरथरतोय.
तो थांबेपर्यंत कुणी बोलू नये
असं कुठलंच कलम नाही,
पण कुणी बोलत नाही.