हळदीतला ळ

नांदेडचा एक सायबर कॅफे बंद पडला, तेव्हा
झंवरसेठनी सहाशेला उचललेला डबा.
दोन जीबी मेमरी, माउस गायब,
आतल्या पंख्याला गुंडाळलेला कुणाच्या तरी वेणीतला केस.
चार मिनिटं लागायची उठायला.
काट्यावर ट्रॅक्टर, मागं मोंढ्याच्या फाटकापर्यंत अजून सात,
आणि पडद्यावर ते गोल गोल चक्र.
'म्याडम, हे झोपलंय का मेलंय?'
लिंबाजी हमाल रोज विचारायचा.

मुजीबनं पेनड्राइव्ह दिला. पैसे घेतले नाहीत.
'उघडून बघ, काढ, जोड, कुणाला द्यायचं तर दे.
फक्त हमी नाही कसलीच.'
मी म्हटलं, मोंढ्यात बसणारीला हमीचं काय सांगतोस.

रात्री बसून सुपात घेतल्यासारखं पाखडलं.
गाणी गेली, हवामान गेलं, बुद्धिबळ गेलं,
ब्लूटूथ. वजनकाट्याला कशाला पायजे ब्लूटूथ?
प्रिंटर राहिला, काट्याची वायर राहिली,
एक काळी खिडकी राहिली, तिच्यासमोर मी.
आता बावीस सेकंदांत उठतो.
लाइट गेली की बॅटरी सहा मिनिटं टिकते,
पाचव्या मिनिटाला तो स्वतःच सगळं लिहून ठेवतो
आणि डोळे मिटतो.
हे शिकवायला मला आठवडा लागला.

मग ळ.
जुन्या सॉफ्टवेअरला ळ छापता यायचा नाही.
तीन हंगाम वसमतच्या पावत्यांवर 'हलद' गेली,
कळमनुरीची 'कलमनुरी' झाली,
माणिक सोळंकेचा सोलंके.
कुणी काही बोललं नाही,
वजन बरोबर आहे ना, म्हणाले.
मी कॅप्स लॉक उखडला, त्या जागी ळ बसवला.
ते बटण इंग्रजीत ओरडण्यासाठी असतं.
आपल्याला इथं कुणावर ओरडायचंय?

त्याच्या तोंडची भाषाही बदलली.
इंग्रजीत नाही म्हणायचा, फार सभ्यपणे.
शुद्ध मराठीत आणला तर तहसीलच्या बाबूसारखा बोलायला लागला:
'सदर कृतीस अनुमती नाही.'
तेही पुसलं.
आता कागद संपला की म्हणतो, 'कागद सरला की ओ.'
वायर सुटली की, 'काटा कामून गप झाला?'
चुकीचा पासवर्ड टाकला की, 'तू कोणाचा रं?'
लिंबाजीनं अक्षरं जोडत जोडत वाचलं,
तोंडाला बांधलेला रुमाल खाली सरकवून हसला.
मिशी पिवळी, पापण्या पिवळ्या.
'आपल्यावानी बोलालंय की हे.'

एका रात्री कुठंतरी कंस विसरले.
काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ,
तिला काही म्हणायचं नव्हतं.
साडेतीनला सापडला, ओळ एकशे बारा.
सहाला पहिला ट्रॅक्टर होता.

आकडा मात्र मी कुणाला न विचारता वाढवला.
आधी बहात्तर, मग एकशे वीस, मग पडदाभर एकच वजन,
मराठी अंकांत.
पडद्याचं तोंड पहिल्यापासून सेठच्या गादीकडं होतं,
ते फिरवलं खिडकीकडं.
ट्रॅक्टरच्या सीटवरून वाचता येतं आता,
चष्मा नसला तरी.
सेठनी विचारलं, 'हे कुणी सांगितलं होतं?'
म्हटलं, सेटिंगच तशी आहे.
त्यांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
पानाची पिचकारी टाकायला बाहेर गेले.

काल अपडेट आलं.
अर्ध्यात थांबला आणि विचारायला लागला:
ही फाईल तुम्ही बदललेली दिसते.
तुमची ठेवू, की नवी घालू?

दोनदा वाचलं.
असं मला याआधी कुणी विचारल्याचं आठवेना.
बोटांची हळद ओढणीला पुसली,
प्रश्न थोडा वेळ तसाच राहू दिला पडद्यावर.
बाहेर हॉर्न वाजवत होते.