वाजवून न घेतलेली

क्लन गावच्या पोस्टाच्या काचेवर,
हरवलेलं मांजर आणि पियानोची शिकवणी यांच्या मधोमध,
गंजक्या टाचणीला एक कार्ड:
वेलोसेट एल.ई., १९६३. चालू.
फोन करू नये, मला ऐकू येत नाही. यावे.

गेलो.
बायको म्हणते, लोक रविवारी देवळात जातात,
तू दुसऱ्यांच्या शेडमध्ये.
खरं आहे. बिस्किटांच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
टेलफर्डहून तसाच निघतो, अंगाला साखरेचा वास घेऊन.
हियरफर्डची तीनचाकी पाहिली, तिच्यात कोंबड्या उबवत होत्या.
लेमिन्स्टरला पाण्यावर थंड होणारी स्कॉट पाहिली,
तिचा मालक किंमत सांगता सांगता रडला
आणि मग विकलीच नाही.
ते बघायलाही मी ऐंशी मैल जातो.

विल्फ परडो. वय त्र्याऐंशी. शेडमध्ये सफरचंदं, वर्तमानपत्रांवर एकेक,
एकमेकांना न टेकता.
पलीकडे विणलेल्या पलंगपोसाखाली ती.

दिसायला, आता खोटं कशाला बोलू,
दिसायला ती गाडी नाहीच.
काळ्या पत्र्याची पेटी.
शिलाई मशीनला कुणी चाकं लावावीत तशी.
इंजिन पार पदराआड.
हिच्यासाठी कुणी वहीच्या पाठीमागे चित्रं काढली नसतील.

आमच्याकडे मडकं वाजवून घेतात.
माझी आत्या इस्लामपूरच्या बाजारात
तीन मडकी वाजवून चौथं घ्यायची
आणि कुंभारीण तिला बघून लांबूनच कपाळाला हात लावायची.
इंजिनही मी असंच घेतो:
टॅपेटची टकटक, चेनची कुरकुर,
सायलेन्सरची पहाटेची खाकर.
कान हेच माझं भांडवल.

परडोंनी किक मारली.
काही नाही.
मी चेहऱ्यावर सहानुभूती आणली.
ते मात्र डोळे मिटून, सीटवर तळवा ठेवून उभे.
मग दिसलं,
मागच्या नळीवरचं कोळिष्टक हलतंय.
बाकावरच्या डब्यात वायसर
एकमेकांकडे सरकतायत, केसभर.

माझं मनगट धरून त्यांनी हात तिच्यावर ठेवला.
शेजारी पिठाची गिरणी असली
की आपली भिंत जशी असते,
तसं.

नंतर पाकिटाच्या मागे लिहून सांगितलं सगळं.
पोलिसात होते. रात्रीच्या गस्तीला ही गाडी,
चोराच्या कानाआधी त्याच्या खांद्यावर हात.
मग नोकरी सोडली, घणाच्या कारखान्यात वीस वर्षं,
तिथे कान गेले. ही लिलावातून आणली तेव्हा अर्धे होते.
आणि एक: साहेब दिसला की सलाम ठोकायचा नियम,
पण हँडलवरचा हात काढायचा कसा?
म्हणून हुकूम निघाला, नुसती मान हलवा, पुरे.

घासाघीसही त्याच पाकिटावर.
त्यांनी बावीसशे लिहिले.
मी सतराशे.
त्यांनी त्याखाली लिहिलं, ऐकू आलं नाही.
एकवीसशेवर पेन टेबलावर ठेवलं.
मी विचारलं, पलंगपोसासकट?
त्यांनी तो झटकला, चार घड्या घातल्या,
काखेत धरला.
हे उत्तर मला वाचता आलं.

गल्लीतून निघालो. मेंढ्यांनी मान वर केली नाही.
आयुष्यात पहिल्यांदा एखादी गाडी
न वाजवता घेतली होती,
आणि आपण निघालोय हे
ना त्यांना ऐकू येत होतं ना मला.

वळणावर आरशात ते दिसले,
दारात, काखेत पलंगपोस.
हात काढायला जमेना. मी मान हलवली.
आरशात तेही हलल्यासारखे वाटले, किंचित.

या गाडीवर
आरसा हलत नाही.