झोपे

माझं आडनाव झोपे.
रावेरकडे गल्लीगल्लीत सापडेल, कुणी हसत नाही.
हसू लागले ते हजेरीपटावर
माझे अर्धे दिवस साचू लागले तेव्हा.
"झोपे मॅडम झोपल्या," वॉचर म्हणाला,
आणि हे वाक्य माझ्याआधी
पालच्या ऑफिसात जाऊन बसलं.

खरं तर चार वर्षं झाली, झोप नाही.

जाळरेषा काढायचे दिवस होते. गवत कमरेएवढं.
गुडघ्याच्या मागे, जिथे हात पोचतो पण डोळा पोचत नाही,
तिथे राजगिऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी.
गोचीड. नखानं उपटलं, फेकलं,
म्हशीच्या कानातून काढतो तसं.
तारीख कोण लिहितं?

आठवड्यानं लाल कडं उमटलं, मधे फिकट.
सासूबाई म्हणाल्या, नागीण आहे वं माय, तोंड मिळू देऊ नको.
आणि गेरू लावला.
लालावर लाल.
डॉक्टरला दाखवायचा एकुलता एक पुरावा
आम्ही प्रेमानं लिंपून टाकला.

मग मी गस्त घालायची थांबले
आणि दुखणं घालू लागलं.
त्याचा बीट ठरलेला:
सोमवारी उजवं मनगट, मंगळवारी मान,
गुरुवारी डावा गुडघा, तो मात्र कधीच चुकवत नाही.
रविवारी सगळीकडे एकदम, तपासणीला साहेब आल्यासारखं.

बाहेरून काहीच दिसत नाही.
लग्नात भेटलेल्या बाया म्हणतात, तब्येत छान झाली तुझी.
मी वांग्याच्या भरिताचं ताट दोन्ही हातांनी धरते
आणि हसते, ताट पडू नये म्हणून.

एकदा अंजनासमोर उभी होते.
एका देठाला दोन पानं, जुळ्या बहिणींसारखी,
शेकडो रोपं मी स्वतः मोजलेली,
आणि नाव येईना.
झाड बघत राहिलं, मी बघत राहिले.
घरी जाऊन भाकरी थापताना आलं: अंजन.
तेव्हा रडले. दुखण्यासाठी नव्हते रडले कधी.

रावेर, भुसावळ, जळगाव.
संधिवात नाही. थायरॉईड नाही. रिपोर्ट नॉर्मल.
नॉर्मल हा शब्द कागदावर किती सुबक छापतात.
एकानं मला सोडून नवऱ्याला विचारलं,
घरात काही टेन्शन?

शेवटी जळगावची एक पोरगी, नुकतीच डॉक्टर झालेली,
पेन खाली ठेवून म्हणाली,
"ताई, जंगलात असता. काही चावलं होतं?"
चार वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा.

रक्त पुण्याला गेलं. नाव आलं: लाईम.
"लाईम म्हणजे लिंबू ना?" हे म्हणाले.
तीन आठवडे गोळ्या. ताप गेला, मान सुटली,
बाकीचं राहिलं.
ती खरं बोलली: "जे उरलंय ते का उरतं,
यावर मोठ्या डॉक्टरांचंही भांडण चालू आहे."
चालू द्या. मी तोवर जिना चढते,
चौथ्या पायरीवर थांबून, पदर नीट करायचं निमित्त करून.

परवा तेंदूपानाच्या हंगामाआधी
पाड्यावरच्या बायांपुढे बोलायला सांगितलं.
तळहातावर राजगिऱ्याचा एक दाणा ठेवला.
"दिसला?"
मागच्या बायांना नाही दिसला.
"हेच सांगायला आले.
घरी गेलात की एकमेकींचे गुडघे बघा, काखा बघा,
पोरांच्या कानामागे बघा.
कडं उमटलं तर गेरू नको, तारीख लिहा, दवाखाना गाठा."
एवढं बोलून बसले. भाषण अजून दोन पानं होतं.

सगळ्या गेल्यावर रुमालीबाई थांबली.
म्हणाली, आमच्याकडे पण एक आहे,
दिवसभर पडून असते.
आळशी म्हणतात तिला. सासर सोडून आली.

कुठे राहते?

तिनं वर बोट केलं. डोंगराच्या त्या अंगाला.
मी डोंगर बघितला, मग माझे पाय.
येते, म्हटलं. उद्या नाही,
उद्या गुरुवार.