चौदा मशिनं

डेप्टफर्डला मी राहतो तो तेविसाव्या मजल्यावर.
खाली नदी, आणि नदीच्या अलीकडे
बोलान्लेची लाँड्री. नाणं टाका, आपलं आपण धुवा.
चौदा मशिनं. नऊ नंबरचं दार गुडघ्यानं दाबावं लागतं.

हे कळलं ते घरचं मशीन बिघडलं म्हणून.
नाहीतर सहा महिने वरून नुसतं
तिचं गंजकं छप्पर बघत होतो
आणि फोनवर आईला सांगत होतो,
एरिया सुधारतोय.

काचेवर नोटीस होती. एकवीस दिवस.
नव्या मालकाला तिथे वाइन विकायची होती,
विटा तेवढ्या जुन्याच हव्या होत्या,
खरवडलेल्या, उघड्या, फोटोत येतील अशा.

कंपनी हात धुऊन मागे लागलेली.
यांनी कपडे धुवायला काढले.

विसाव्या रात्री कुणीतरी म्हणालं,
चालू मशीन कोण उचलणार?
तुयेतबाई आल्या नेल पार्लरचे टॉवेल घेऊन,
चर्चचा कॉयर आला, पडद्यांसकट,
एग्बर्ट आजोबांनी बस कंडक्टरचा गणवेश आणला,
बत्तीस वर्षं घडी न मोडलेला.
मळकं संपलं तेव्हा धुतलेलंच पुन्हा धुतलं.
पहाटे तीनला आजोबांनी अंगातला स्वेटरही टाकला.
तो आता त्यांच्या नातीला होतो.

मी ऑफिसचे सात पांढरे शर्ट आणले होते.
सह्यांचा कागद फिरत फिरत माझ्यापाशी आला.
नाव लिहिलं. पत्त्यापाशी पेन अडलं.
धुतल्या तांदळासारखा मी नाहीच.
मी मुकाट भरतो ते भाडं बघूनच
इथल्या भाड्यांना उंची कळली.

लिहिला तरी. मजल्यासकट.
बोलान्लेनं वाचला,
छताच्याही पार कुठेतरी वर पाहिलं,
आणि वीस पेन्सचं नाणं माझ्या तळव्यावर ठेवलं.
"नऊ नंबर थांबलंय. गुडघा लाव."

आठ वाजता माणसं आली, ट्रक घेऊन.
चौदाही काचांमागे फेस फिरत होता.
त्यांच्यातला एक पोरगेलासा, बाकावर टेकला,
घड्याळ बघू लागला.
त्याच्या बाहीवर चहा सांडलेला.
तुयेतबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, हात पुढे करून.
"काढ तो शर्ट.
साठ डिग्रीला निघेल."