जडी

बोधडीच्या रोपवाटिकेत बदली झाली तेव्हा
साग मला माहीत होता तो दाराच्या चौकटीतला.
लच्छूबाई तोडसामनं वाफ्यातून एक रोप उपसलं,
पानं खुडली, बगलमुळं छाटली,
कोयत्याच्या एका तिरक्या घावात खोड उडवलं
आणि उरलं ते माझ्या हातात दिलं:
वर दोन बोटं, खाली एक वीत,
अंगठ्याएवढं जाड, चिखलाच्या रंगाचं.
"हे झाड," ती म्हणाली.

मी वहीत लिहिलं: साग जडी, नग एक.

ट्रेनिंगला पडद्यावर दाखवलं होतं आम्हाला
नॉर्वे मेपलचं रोप, असंच उघड्या मुळांचं.
थंडीत झोपेतच खणून काढतात, झोपेतच लावतात,
जाग येते ती परगावी.
मी तिला मोबाइलवर फोटो दाखवला.
तिनं आधी मुळं निरखली, मग बर्फ,
मग रोप धरून उभा असलेला हातमोजेवाला माणूस.
"याचं बोट तर मातीले लागतच नाही," म्हणाली,
"मग याले ओल कशी समजते?"

शंभराची एक मोळी, अशा पन्नास.
भिजवलेलं गोणपाट, वर पळसाची पानं.
जलधऱ्याच्या चढावर ट्रॅक्टर बंद पडला.
मुखरू खाली घुसला तो तासभर फक्त पायांनीच दिसत होता.
ऊन वर आलं.
गोणपाट कडांनी पांढुरकं व्हायला लागलं.
बाटल्या मोजल्या. सात.
लच्छूबाईनं आधी स्वतःची ओतली,
मग कुणीकडेच बघितलं नाही.
मी आष्टी तालुक्यातला,
पाणी झाकून ठेवायला शिकलेला हात माझा.
झाकण काढायला त्याला जरा वेळ लागला.

पहारीनं भोक. भोकात जडी.
शेजारी पुन्हा पहार, माती आत रेटायची,
टाचेनं दाबायची, पुन्हा दाबायची.
"आत वारा राह्यला तर
मूळ वाऱ्यालेच माती समजते,
अन् मरते."

पहिली जडी मी उलटी लावली.
पान नाही, कोंब नाही, दोन्ही टोकं कापलेली.
जाड बाजू खाली असणार असं मला वाटलं,
घराच्या पायासारखी.
बायका हसल्या. किनाक्यांची सून तर
पहार टाकून मटकन खालीच बसली.
मी उपटायला वाकलो.
"राहू दे," लच्छूबाई म्हणाली,
"तुही तुले दिसत राहीन."

दसरा झाल्यावर मोजणी.
रकाने दोन: जगले, मेले.
गुडघ्याएवढ्या रोपाला सुपाएवढं पान,
खाली काही शिल्लक राहिलं नसेल असं वाटावं इतकं मोठं.
कोवळं पान चुरगाळलं की बोटं लाल होतात.
बायकांनी त्याच बोटांनी हजेरीवर अंगठे दिले,
साहेब म्हणाले, ही कसली शाई?

ओळ अकरा, भोक पहिलं.
तिथं गवत.
मी बोटानं माती उकरली.
होती.
काळपट, गार, वाळवी न लागलेली.
नखानं साल खरवडली.
आत हिरवं म्हणावं तर हिरवं,
नाही म्हणावं तर माझंच नख ओलं होतं.

"किती झाले?" वनपाल पलीकडून ओरडले.
लच्छूबाई तीन ओळी पुढं गेलेली,
पदरानं मान पुसत, मोजत,
तिला आकडे शंभरापर्यंतच येतात
आणि मग ती खिशात एक खडा टाकते.

मी माती परत लोटली. टाचेनं दाबली.
पुन्हा दाबली.
जगलेल्यांत ती धरली नाही,
मेलेल्यांतही नाही.

बेरीज एकानं कमी भरते.
अजून कुणी विचारलं नाही.